पायगतीची काळी छाया

गेल्या माघांत आमच्या घरीं घडलेली एक लहानशी गोष्ट सांगून या वेळच्या लेखास आरंभ करितों.

सदाशिव पेठेंतील आमचा जुना वाडा पडून तेथें चार मजली इमारत उभी राहिली त्यास आतां बरींच वर्षें झालीं. परसांतील पिंपळ गेला, विहीर बुजली. परंतु घर विभक्त झालें नाहीं. लागून असलेल्या दोन सदनिकांत आम्ही सर्व मंडळी एकत्र राहतों आणि सकाळचा चहा एकाच मेजाभोंवतीं होतो. त्या दिवशीं माझ्या पुतण्याची मुलगी उतरलेल्या चेहऱ्यानें चहाला आली. बारावीच्या अभ्यासासाठीं ती रात्रीं दोन दोन वाजेपर्यंत जागत होती. ती हळूच मला म्हणाली, "आजोबा, पहांटे मला जाग आली, पण हात हलेना, तोंडांतून शब्द फुटेना. पायगतीं एक काळा माणूस उभा होता. त्याला तोंडच नव्हतें. मग तो छातीवर येऊन बसला."

यावर तिचा धाकटा भाऊ हंसून म्हणाला, "शनिवारवाड्यांतलें भूत रस्ता चुकून इकडे आलें वाटतें!" तिची आई मीठमोहऱ्या आणावयास उठली. तिचे वडील "रात्रभर मोबाइल पाहिल्यावर दुसरें काय दिसणार?" असें म्हणून पुन्हां वर्तमानपत्रांत शिरले. मुलीच्या डोळ्यांत पाणी आलें. तेवढ्यांत आमच्या चौऱ्यायशी वर्षांच्या काकूनें (नात्यानें ती माझी चुलती, परंतु लहानथोर सारें घर तिला काकूच म्हणतें) हातांतली स्मरणी खालीं ठेविली आणि ती म्हणाली, "अगं, तो मलाही दिसला होता. मी तेव्हां एकोणीस वर्षांची होतें."

मेजाभोंवतीं एकदम शांतता पसरली. तिचें कारण मला ठाऊक होतें. तें शेवटीं सांगेन. आधीं या काळ्या पाहुण्याचाच थोडा विचार करूं.

आपल्याकडे अशा पाहुण्यांची वाण कधींच नव्हती. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन, ज्यांचा अनंत कान्हेरे यांनीं १९०९ सालीं वध केला, यांना लोकसमजुती गोळा करण्याचा नाद होता. ठिकठिकाणच्या शाळामास्तरांनीं लिहून पाठविलेली ती माहिती पुढें एन्थोव्हेन नांवाच्या अधिकाऱ्यानें संपादित केली आणि १९२४ सालीं तिचा मोठा ग्रंथ निघाला. त्यांत वेताळ, समंध, मुंजा, खवीस, झोटिंग, गिऱ्हा, जखीण, हडळ अशी आपलीं भुतें ओळीनें मांडलेलीं आहेत. ती यादी सावकाश वाचली असतां एक गोष्ट ध्यानांत येते. मुंज झाली पण सोडमुंज होण्यापूर्वींच जो बटु गेला, तो मुंजा. बाळंतपणांत जी गेली, ती हडळ. ज्याच्या मागें पिंड द्यावयास कोणी राहिलें नाहीं किंवा ज्याचा जीव पुरलेल्या ठेव्यांत अडकला, तो समंध. अर्थात् घरांत ज्यांचें कांहीं राहून गेलें, ज्यांचें देणें फिटलें नाहीं, त्यांचीच ही नांवनिशी होय.

छातीवर बसणारी काळी आकृति मात्र केवळ आपल्याच परसांतील नव्हे. तुर्कस्तानांत तिला 'काराबासान', म्हणजे काळा दडपणारा, असें नांव आहे. चिनी लोक 'भूत अंगावर दाबतें' असें म्हणतात. जपानांत 'कानाशिबारी', म्हणजे धातूनें जखडून टाकणें, असा शब्द आहे. न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांत एक म्हातारी चेटकीण रात्रीं येऊन छातीवर बसते. इंग्रजींतील 'नाइटमेअर' या शब्दांतला 'मेअर' म्हणजे घोडी अशी पुष्कळांची समजूत असते. परंतु तो झोंपलेल्याच्या उरावर बसणाऱ्या एका जुन्या पिशाचाचा वाचक आहे. ज्या लोकांचा एकमेकांशीं कधीं संबंध आला नाहीं, त्यांना दिसलें एकच आणि वाटलेंही एकच. तेव्हां पाहणारा खोटें बोलतो, हा आक्षेप येथेंच संपला. दिसतें हें खरें. काय दिसतें, एवढाच प्रश्न उरतो.

पुण्यांत वाढलेल्या मुलास काळ्या छायेची पहिली ओळख बहुधा शनिवारवाड्याच्या गोष्टीनें होते. अमावास्येच्या रात्रीं (कोणी पौर्णिमा म्हणतात) तटाच्या आंत एक सांवली धांवते व "काका, मला वांचवा" अशी आरोळी ऐकूं येते, असें प्रत्येकाच्या मामाच्या एखाद्या मित्रानें सांगितलेलें असतें. या गोष्टीमागील घटना खरी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं, गणेशोत्सवाच्या दिवसांत, गारद्यांनीं वाड्यांत शिरून नारायणराव पेशव्यांचा खून केला. त्यांना अठरा वर्षें नुकतींच पुरीं झालीं होतीं. जीव वांचविण्यासाठीं ते धांवत चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे, गेले आणि त्यांस मिठी मारून याचना करूं लागले. परंतु उपयोग झाला नाहीं, अशी परंपरेची हकीकत आहे. आनंदीबाईंनीं 'ध' चा 'मा' केला ही आख्यायिका झाली. परंतु न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनीं राघोबादादांस दोषी ठरविलें, हें सर्वश्रुत आहे.

पुढें १८२८ च्या फेब्रुवारींत आग लागून वाड्यांतील इमारती जळाल्या. तट, दरवाजे, जोतीं व कारंज्याचे हौद एवढेंच आज उरलें आहे. ज्या दालनांतून नारायणराव धांवले तीं दालनें नाहींत, जिने नाहींत. तरीही लोकांच्या दृष्टीस सांवली धांवतांना दिसतेच. याचें कारण मला असें वाटतें कीं, एका मुलानें आपल्याच घरांतील वडील माणसास हांक मारिली आणि तें माणूस धांवून आलें नाहीं, ही गोष्ट अडीचशें वर्षें लोटलीं तरी या शहरास पचलेली नाहीं.

छाया दिसणें निराळें आणि तिचें भूत होणें निराळें. याचें एक सुंदर उदाहरण आपल्या सह्याद्रींतच आहे. दक्षिणेच्या मुलुखाची सांख्यिकी माहिती जमविण्यासाठीं सरकारनें नेमलेले कर्नल साइक्स हे पावसाळ्यांत अकोले तालुक्यांतील हरिश्चंद्रगडावर गेले होते. कोंकणांतून चढलेलें धुकें कड्याशीं भिंतीसारखें उभें होतें, आणि पाठीमागें सूर्य अगदीं खालीं आलेला होता. त्या धुक्यावर त्यांना सप्तरंगांचें संपूर्ण वर्तुळ दिसलें आणि वर्तुळाच्या मध्यभागीं काळ्या आकृति दिसल्या. त्या त्यांच्या स्वतःच्या, त्यांच्या घोड्याच्या व बरोबरच्या माणसांच्या सांवल्या होत्या. साइक्स यांनीं हा देखावा नीट न्याहाळला, वर्तुळाचा व्यास पन्नास-साठ फुटांहून अधिक नसावा असा अदमास केला, आणि १८३५ सालीं लंडनच्या रॉयल सोसायटीच्या ग्रंथमालेंत तो नमूद झाला. आपण त्यास इंद्रवज्र म्हणतों व तें पाहण्यासाठीं आजही तरुण मंडळी कोंकणकडा चढतात. जर्मनींतील ब्रोकेन पर्वतावर याच जातीचा देखावा दिसतो. तेथें मात्र त्याचें नांव 'ब्रोकेनचें पिशाच' असें पडलें. धुकें तेंच, सूर्य तोच, सांवलीही पाहणाऱ्याचीच. एका ठिकाणीं लोक ती पाहावयास जातात आणि दुसऱ्या ठिकाणीं तिला पिशाच म्हणतात.

पहांटेच्या काळ्या माणसाचीही उपपत्ति आतां पुष्कळ अंशीं लागली आहे. ज्या झोंपेंत आपणांस ठसठशीत स्वप्नें पडतात, त्या झोंपेंत मेंदू हातापायांचे स्नायु शिथिल करून ठेवितो. तसें न केलें तर स्वप्नांत धांवणारा मनुष्य खरोखरच पलंगावरून उठून धांवूं लागेल. कधीं कधीं जाग आधीं येते आणि स्नायूंवरील हें बंधन कांहीं क्षण उशिरां सुटतें. डोळे उघडे, खोली ओळखीची, परंतु बोट हलत नाहीं. श्वास अपुरा वाटतो. आणि अर्धवट उरलेलें स्वप्न खोलींतल्या अंधारांत उभें राहतें. डॉक्टर यास 'स्लीप पॅरॅलिसिस' म्हणतात. तें बहुधा कांहीं सेकंद, फार तर एकदोन मिनिटें टिकतें. २०११ सालीं अनेक पाहण्यांचा एकत्र आढावा घेण्यांत आला, त्यांत सामान्य लोकांपैकीं शेंकडा सुमारें ८ जणांना, परंतु विद्यार्थ्यांपैकीं शेंकडा २८ जणांना हा अनुभव आयुष्यांत निदान एकदां आल्याचें आढळलें. अपुरी झोंप, अवेळीं झोंप, मनावरील ताण व उताणें निजणें हीं त्याचीं नेहमींचीं निमित्तें होत. विद्यार्थ्यांचा आंकडा एवढा मोठा कां, हें त्यावरून सहज कळेल.

छायेचा धनी कोण, याविषयीं तर फारच बोलका पुरावा आहे. स्वित्झर्लंडमधील डॉक्टर अपस्माराच्या शस्त्रक्रियेपूर्वीं एका बावीस वर्षांच्या तरुणीचा मेंदू तपासत होते. डाव्या बाजूस कानाच्या वरच्या अंगास असलेल्या एका विशिष्ट जागीं विजेचा सूक्ष्म प्रवाह सोडतांच, आपल्या मागें कोणीतरी छायेसारखें आहे असें तिला वाटूं लागलें. ती निजली असतां छाया तिच्याखालीं निजलेली असे. ती बसली कीं छाया बसे. तिनें पुढें वांकून गुडघ्यांना मिठी घातली, तेव्हां त्या छायेनें आपणांस कवटाळिलें आहे असें वाटून ती अस्वस्थ झाली. प्रवाह थांबला कीं छाया नाहींशी होई. आपल्याच देहाची जाणीव जागेवरून सरकून परक्या माणसासारखी शेजारीं उभी राहते, असा निष्कर्ष डॉक्टरांनीं २००६ सालीं 'नेचर' या नियतकालिकांत प्रसिद्ध केला. भित्यापाठीं ब्रह्मराक्षस, ही आपली म्हण त्या तरुणीच्या बाबतींत अक्षरशः खरी ठरली. मात्र तो राक्षस तिच्याच अंगाचा होता.

आतां काकूची गोष्ट.

१९६० सालीं काकू लग्न होऊन आमच्या वाड्यांत आली तेव्हां ती कॉलेजांत इंटरच्या वर्गांत होती. लग्नानंतरही तिला शिकूं द्यावयाचें असें आमच्या आजोबांनीं कबूल केलें होतें. दिवसभर घरकाम, रात्रीं सर्वांची निजानीज झाल्यावर अभ्यास आणि पहांटे चारला बंब पेटवावयास उठणें असा तिचा क्रम होता. अशा एका पहांटे तिला पायगतीं काळा माणूस दिसला, आणि तिनें तें भाबडेपणानें आजीला सांगितलें. परसांतल्या पिंपळावर मुंजा आहे अशी वाड्यांत आधींपासूनच बोलवा होती. आठ दिवसांत मांत्रिक आला. माजघराचें दार लावून त्यानें काकूस मिरच्यांची धुरी दिली आणि केस धरून "तूं कोण, कोठला?" असें तो विचारीत राहिला. मी तेव्हां सातआठ वर्षांचा होतों व जिन्याखालीं बसून ऐकत होतों. "सासूबाई, मला बाहेर येऊं द्या," असें काकू आंतून ओरडत होती. सासूबाई, म्हणजे माझी आजी, दाराबाहेरच बसली होती. तिच्याही डोळ्यांतून पाणी वाहत होतें. परंतु तिनें दार उघडलें नाहीं.

काकूचें कॉलेज सुटलें तें कायमचें. 'हिला बाहेरचें आहे' हा शब्द तिला वर्षानुवर्षें चिकटून राहिला. आम्ही मुलें तिच्या खोलीवरून जातांना 'राम राम' म्हणत पळत असूं, आणि 'आमच्या घरांत भूत लागलेली बाई आहे' असें मीं शाळेंत फुशारकीनें सांगितलें होतें. तिनें मात्र त्यानंतर या विषयाचा शब्दही उच्चारला नाहीं. तो उच्चारला परवां, त्या चहाच्या वेळीं.

आतां पाहा. पिंपळ गेला, वाडा गेला, तरी तीच छाया त्याच घरांतील दुसऱ्या मुलीस दिसली. दोघींत समान काय, तर वय, अभ्यास आणि अपुरी झोंप. त्या छायेनें दोघींचेंही कांहीं वाईट केलें नाहीं. काकूचें जें वाईट झालें तें घरच्या वडील माणसांनीं, आणि तेंही तिच्या काळजीपोटीं केलें.

आज अशा उपचारांस कायद्यानेंही बंदी आहे. भूत उतरविण्याच्या मिषानें बांधणें, मारणें, मिरचीची धुरी देणें हा महाराष्ट्रांत २०१३ च्या कायद्यान्वयें गुन्हा असून त्यास सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत कैदेची शिक्षा आहे. या कायद्यासाठीं ज्यांनीं वर्षानुवर्षें खटपट केली, त्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांचा २० ऑगस्ट २०१३ रोजीं आमच्याच शहरांत, ओंकारेश्वराजवळील पुलावर, खून झाला. त्यानंतर हा कायदा आला. परंतु कायद्याचा हात माजघराच्या दारापर्यंत पोंचण्यापूर्वीं घरच्यांचा हात पोंचावयास हवा.

म्हणून वडील मंडळींस एवढेंच सुचवितों. घरांतील कोणी असें कांहीं सांगितलें तर हंसूं नका आणि मांत्रिकाचें नांवही काढूं नका. आधीं पुरतें ऐकून घ्या, मग किती तास झोंप होते तें विचारा. निजण्याउठण्याची वेळ ठरवून द्या, कुशीवर निजावयास सांगा. बंधन पडलेंच तर घाबरून धडपड न करितां एकच बोट किंवा पायाचा आंगठा हलविण्याचा प्रयत्न करावा आणि श्वासाकडे लक्ष द्यावें; तें आपोआप सुटतें. रामरक्षा म्हणून कोणास धीर येत असेल तर त्यानें ती अवश्य म्हणावी. हा प्रकार वारंवार होऊं लागला, किंवा दिवसाही आवरतां न येणारी झोंप येऊं लागली, तर मात्र डॉक्टरांस दाखवावें.

आमची नात त्या रात्रीपासून काकूच्या खोलींत निजूं लागली व अकरा वाजतां दिवा मालवूं लागली. परीक्षेपूर्वीं एकदां तो काळा माणूस पुन्हां आला. दुसऱ्या दिवशीं चहाच्या वेळीं तिनें तें सांगितलें. मीठमोहऱ्यांसाठीं कोणी उठलें नाहीं आणि कोणी हंसलेंही नाहीं. काकूनें फक्त विचारलें, "काल उताणी निजली होतीस ना?" आणि तिच्या पुढ्यांत चहाचा पेला सरकविला.