संवेदक पेरले, पण राखायचे कोणी?

छापील इलेक्ट्रॉनिक्स, परिसरातील ऊर्जा वेचण्याचे तंत्र आणि बिनतारी संवेदकांची जाळी हे तीन प्रवाह आता एकमेकांत मिसळू लागले आहेत. डोंगर आणि पूल यांच्या दुखण्याची वार्ता वेळेत मिळण्याची शक्यता त्यातून निर्माण झाली आहे. मात्र या तंत्राची खरी कसोटी प्रयोगशाळेत नसून देखभालीत आणि निर्णयात आहे.

टोलनाक्यावर मोटार मंदावते, आडवा दांडा वर होतो आणि पैसे वळते झाल्याचा संदेश मोबाइलवर येतो. राष्ट्रीय महामार्गांवर फेब्रुवारी २०२१ पासून सक्तीचा झालेला फास्टॅग आता इतका अंगवळणी पडला आहे, की काचेवरच्या त्या पातळ पट्टीत बॅटरी नाही ही बाब सहसा कोणाच्या ध्यानातही येत नाही. नाक्यावरील यंत्र रेडिओलहरी सोडते. पट्टीतील धातूचा अँटेना त्याच लहरींमधून क्षणापुरती वीज मिळवतो. त्या विजेवर मोहरीच्या दाण्याहून लहान चिप जागी होते आणि त्याच लहरींवर आपला क्रमांक परत धाडते. चिपचा स्वतःचा असा वीजसाठा नाही, तरीही ती वर्षानुवर्षे काम करीत राहते.

संशोधकांना गेली पाव शतकभर खुणावणारे स्वप्न याच तत्त्वाचा पुढचा टप्पा आहे. क्रमांकाऐवजी तापमान, ओलावा, कंपन किंवा कल यांची नोंद पाठवणारा, कागदावर छापता येईल इतका स्वस्त आणि बॅटरी बदलावी न लागणारा संवेदक, म्हणजेच सेन्सर, हजारोंच्या संख्येने पेरता यावा, असे हे स्वप्न. एरिक्सन कंपनीच्या प्रमुखांनी २०१० मध्ये असे भाकीत केले होते, की २०२० पर्यंत जगात ५० अब्ज साधने एकमेकांशी जोडलेली असतील. प्रत्यक्षातील आकडा त्याच्या बराच खाली राहिला. हे का घडले, याचा विचार महाराष्ट्राने करणे अगत्याचे आहे. ३० जुलै २०१४ रोजी आंबेगाव तालुक्यातील माळीण गाव दरडीखाली गाडले गेले आणि दीडशेहून अधिक माणसे दगावली. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्री नदीवरील ब्रिटिशकालीन पूल वाहनांसह वाहून गेला. जुलै २०२१ मध्ये तळिये आणि जुलै २०२३ मध्ये इरशाळवाडी या गावांवर दरडी कोसळल्या. डोंगर आणि पूल आपल्या दुखण्याची खूण आधी देऊ शकतील काय, हा प्रश्न इथे निव्वळ कुतूहलाचा राहत नाही.

शाईतून विद्युतमंडल

छापील इलेक्ट्रॉनिक्सचे मूळ १९७७ मधील एका शोधात आहे. अ‍ॅलन हीगर, अ‍ॅलन मॅकडायर्मिड आणि हिदेकी शिराकावा यांनी पॉलिअ‍ॅसिटिलीन या प्लास्टिकवर आयोडीनची प्रक्रिया करून ते वीजवाहक करून दाखवले. त्यासाठी २००० मध्ये या तिघांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. वाहक आणि अर्धवाहक पदार्थ द्रावणात विरघळवता आले, तर त्यांची शाई होते. आणि शाई झाली, की वर्तमानपत्राप्रमाणे गुंडाळीवर गुंडाळी छापता येते. अब्जावधी रुपयांच्या अतिस्वच्छ कारखान्याची गरज संपेल, अशी आशा त्यातून उभी राहिली.

या आशेचा काही भाग केव्हाच खरा ठरला आहे. मधुमेही व्यक्ती रक्तातील साखर मोजण्यासाठी जी पट्टी वापरते, तिच्यावरील विद्युत्‌अग्रे छापलेलीच असतात. छपरावरील सौर पॅनेलवर दिसणाऱ्या चंदेरी रेघा चांदीच्या शाईने जाळीतून छापल्या जातात. मोटारीच्या मागील काचेवरचे धुके घालवणाऱ्या रेषाही त्याच जातीच्या.

पण वाहक रेघ छापणे आणि विचार करणारे मंडल छापणे यांत मोठे अंतर आहे. हीगर यांचाच सहभाग असलेली, प्लास्टिकचे सौरघट बनवणारी अमेरिकेतील कोनार्का कंपनी २०१२ मध्ये दिवाळखोरीत गेली. केंब्रिजमधून निघालेल्या प्लास्टिक लॉजिकने २००८ मध्ये ड्रेस्डेन येथे कारखाना उघडला. मात्र २०१० च्या जानेवारीत गाजावाजा करून दाखवलेले तिचे वाचनयंत्र त्याच वर्षी ऑगस्टमध्ये गुंडाळावे लागले. छापील पडदे बनवणाऱ्या जपानच्या जेओलेड कंपनीने मार्च २०२३ मध्ये न्यायालयाकडे संरक्षण मागितले. या अपयशांची कारणे वेगवेगळी असली तरी दोन अडचणी पुनःपुन्हा दिसतात. सेंद्रिय पदार्थांना हवेतील ओलावा आणि प्राणवायू सोसत नाही. दुसरे म्हणजे, ज्या सिलिकॉनला हरवायचे होते, तेच दरवर्षी अधिक स्वस्त आणि अधिक कार्यक्षम होत गेले.

जुलै २०२१ मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेली ‘प्लास्टिकआर्म’ ही लवचीक चिप या संदर्भात उद्‌बोधक आहे. प्लास्टिकच्या पातळ पटलावर ३२ बिटांचा प्रक्रियक उभा राहिला, त्यात १८ हजारांहून अधिक द्वारे होती, ही कामगिरी निःसंशय मोठी. परंतु तिची गती २९ किलोहर्ट्‌झच्या आसपास होती आणि वीज लागत होती सुमारे २१ मिलिवॅट. एवढ्याच गतीचे काम सिलिकॉनची चिप कित्येक पटींनी कमी विजेत करते. शिवाय ही चिपदेखील शाईने छापलेली नव्हती. चिपउद्योगाच्या नेहमीच्या प्रकाशरेखन तंत्रानेच ती घडवली होती. म्हणूनच आज मिश्र मार्ग रूढ होत आहे. संवेदक, अँटेना आणि जोडण्या छापायच्या, मेंदू मात्र सिलिकॉनचा चिकटवायचा. या क्षेत्रात भारत अगदीच कोरा नाही. आयआयटी कानपूर येथे लवचीक इलेक्ट्रॉनिक्सचे राष्ट्रीय केंद्र आहे आणि इलेक्ट्रॉनिक्ससाठी लागणाऱ्या पदार्थांवर काम करणाऱ्या ‘सी-मेट’ या केंद्र सरकारच्या संस्थेची एक प्रयोगशाळा पुण्यात आहे.

विजेचा सरवा

पीक निघाल्यावर शेतात राहिलेली कणसे वेचणे याला मराठीत ‘सरवा वेचणे’ म्हणतात. परिसरात विखुरलेल्या ऊर्जेचे थेंब गोळा करण्याच्या तंत्राला याहून नेमका शब्द सापडणार नाही. त्याची गरज साध्या हिशेबातून कळते. घड्याळात किंवा मोटारीच्या किल्लीत असते तशी बिल्ल्याएवढी बॅटरी सुमारे २२५ मिलिअँपिअर-तास वीज साठवते. संवेदकाने सरासरी १० मायक्रोअँपिअर प्रवाह घेतला, तर ती जेमतेम अडीच वर्षे पुरेल. एक संवेदक असेल तर ही गोष्ट किरकोळ आहे. दहा हजार असतील, तर कोणीतरी वर्षाचे सर्व दिवस, दररोज दहा-अकरा बॅटऱ्या बदलत हिंडले पाहिजे. आणि तेही पुलाच्या पोटाखाली किंवा कड्याच्या उतारावर.

दुसऱ्या बाजूला गरज मात्र खरोखरच अल्प असू शकते. संवेदकाने मिनिटातून एकदा पाच मिलिसेकंद बोलायचे आणि उरलेला वेळ झोपायचे ठरवले, तर बोलताना ३० मिलिवॅट लागले तरी त्या संभाषणाचा सरासरी खर्च अवघा अडीच मायक्रोवॅट पडतो. एवढी वीज कोठून मिळेल? भर उन्हात एक चौरस सेंटिमीटरचा सौरघट १५ ते २० मिलिवॅट देतो. घरातील दिव्याखाली तोच काही दहा मायक्रोवॅटवर येतो, म्हणजे शेकडो पटींनी खाली. तापमानातील फरकातून वीज निर्माण होते हे १८२१ मध्ये सीबेकने, तर दाबातून निर्माण होते हे १८८० मध्ये क्युरी बंधूंनी दाखवले होते. सीमेन्समधून २००१ मध्ये निघालेल्या एनोशन या जर्मन कंपनीने बटण दाबण्याच्या हालचालीवरच चालणारे बिनतारी, बॅटरीविरहित स्विच बाजारात आणले आणि ते टिकले. सॅमसंगने २०२१ मध्ये घरातील प्रकाशावर भारित होणारा टीव्हीचा रिमोट दिला.

हवेतील रेडिओलहरींवर मोबाइल भारित होईल, अशा बातम्या मात्र सावधपणे वाचल्या पाहिजेत. मोबाइलला वॅटच्या मापाने वीज लागते. शहरी हवेतील लहरींतून एका चौरस सेंटिमीटरला एक मायक्रोवॅटही मिळणे कठीण. सरव्याने पाखराचे पोट भरते, हत्तीचे नव्हे. येथे महत्त्व आहे ते गरज आणि उपलब्धता यांची सांगड घालण्याला. सह्याद्रीत ती सांगड नेमकी उलटी पडते. ज्या जुलै-ऑगस्टमध्ये दरडीचा धोका सर्वाधिक, त्याच महिन्यांत आभाळ झाकोळलेले असते आणि सौर पॅनेल सर्वात दुबळे. पाऊस वाढला की नोंदीही अधिक वेळा घ्याव्या लागतात, म्हणजे खर्च वाढतो तेव्हाच आवक घटते. उन्हाळ्यातील प्रात्यक्षिकावरून अशा यंत्रणेची पारख करणे धोक्याचे आहे.

जाळ्याने काय साधले?

बर्कलीच्या क्रिस्टोफर पिस्टर यांनी १९९० च्या दशकाच्या अखेरीस ‘हुशार धूळ’ ही कल्पना मांडली. धुळीच्या कणाएवढे संवेदक उधळावेत आणि त्यांनी आपापसात निरोप पुढे सरकवत माहिती पोचवावी, अशी ती कल्पना होती. अल्पशक्तीच्या बिनतारी संपर्कासाठी २००३ मध्ये मानक निघाले आणि प्रयोगांना वेग आला. २००२ मध्ये अमेरिकेतील मेन राज्याच्या ग्रेट डक बेटावर ३२ संवेदकांनी समुद्रपक्ष्यांच्या बिळांची नोंद घेतली. २००६ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पुलावर ६४ संवेदक बसवण्यात आले. २००९ मध्ये दक्षिण कोरियातील जिंडो पुलावर ७० संवेदकांचे जाळे उभे राहिले.

आपल्या दृष्टीने सर्वांत जवळचा प्रयोग केरळातील मुन्नारचा. अँथोनियार कॉलनीत २००५ मध्ये दरड कोसळली होती. तेथे अमृता विश्वविद्यापीठाने जमिनीत खोल छिद्रे घेऊन पाण्याचा दाब, कल आणि कंपने टिपणारे संवेदक बसवले आणि ते बिनतारी जाळ्याने जोडले. जुलै २००९ च्या मुसळधार पावसात जमिनीतील पाण्याचा दाब वाढल्याचे या यंत्रणेने दाखवले आणि रहिवाशांसाठी इशारा देण्यात आला. पश्चिम घाटाच्या मातीत आणि पावसात अशी यंत्रणा चालू शकते, याचा हा पुरावा आहे.

मग पंधराहून अधिक वर्षांत ती डोंगरोडोंगरी का पोचली नाही? एक कारण खर्चाचे आहे, आणि ते सगळेच संवेदकाच्या किमतीचे नाही. छापील तंत्राने संवेदक पाच रुपयांना मिळू लागला, तरी कातळात छिद्र घेण्याची मजुरी त्याने कमी होत नाही. मात्र पृष्ठभागावरील कल, मातीतील ओल आणि स्थानिक पाऊस मोजणारी साधने स्वस्त झाली, तर त्यांचा पसारा वाढवता येतो. या विस्ताराचे मोल इरशाळवाडीने दाखवून दिले. १९ जुलै २०२३ च्या रात्री कोसळलेल्या दरडीनंतर तेथे २७ जणांचे मृतदेह हाती लागले आणि ५७ जणांचा पत्ताच लागला नाही. ही वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती, असे सरकारने नंतर विधिमंडळात सांगितले. महागडी यंत्रणा यादीतल्या चार गावांपर्यंत पोचते. यादीबाहेरच्या वाडीपर्यंत पोचायचे, तर यंत्रणा स्वस्तच असावी लागते. छापील इलेक्ट्रॉनिक्सचे आणि बॅटरीमुक्त संवेदकांचे सामाजिक मोल येथे आहे.

आकड्यानंतरचे काम

दुसरे कारण अधिक अवघड आहे. संवेदक आकडा देतो, आदेश देत नाही. कोणत्या आकड्याला धोका म्हणायचे, रात्री बारा वाजता तो कोणाच्या मोबाइलवर पोचणार, त्या व्यक्तीला गाव हलवण्याचा अधिकार आहे काय, माणसे नेऊन ठेवायची कोठे, या प्रश्नांची उत्तरे चिपमध्ये नसतात. तीन इशारे फोल ठरले, तर चौथ्या वेळी गाव उठणार नाही. आणि चुकण्याच्या भीतीने अधिकाऱ्याने इशाराच दिला नाही, तर यंत्रणा असून नसल्यासारखी. सावित्रीचा पूल कोसळला त्याच वर्षी मे महिन्यात त्याची पाहणी झाली होती. डोळ्यांनी होणाऱ्या पाहणीच्या मर्यादा संवेदक भरून काढू शकतात, पण पूल वाहतुकीस बंद करण्याचा निर्णय माणसालाच घ्यावा लागतो.

देखभालीचा प्रश्नही याच पंक्तीतला. सार्वजनिक कामात खरेदीला निधी मिळतो, उद्‌घाटनाला मंडप मिळतो. पाचव्या वर्षी मुंग्यांनी पोखरलेली पेटी बदलण्यासाठी लेखाशीर्ष सापडत नाही. बॅटरी नको झाली तरी अँटेना गंजतो, सौर पटलावर शेवाळ चढते, वेल वाढते. ‘देखभालमुक्त’ हा शब्द जाहिरातीत शोभतो, पावसाळी घाटात नाही.

पेरलेले संवेदक शेवटी कचराही होतात. संयुक्त राष्ट्रांच्या सहभागाने झालेल्या पाहणीनुसार २०२२ मध्ये जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा निर्माण झाला आणि त्यातील जेमतेम २२ टक्के कचऱ्याचीच रीतसर विल्हेवाट लागल्याची नोंद आहे. कागदावर छापलेली चांदी आणि प्लास्टिक वेगळे करणे सोपे नाही. बॅटरी टळणे हा फायदा खराच, पण अब्जावधी चिकटपट्ट्या परत कोण गोळा करणार, हे आधी ठरले पाहिजे. तसेच डोंगराचा कल मोजणारे तंत्र माणसाचा वावरही मोजू शकते. वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा देशात २०२३ मध्ये संमत झाला. पण न दिसणाऱ्या आणि कधी न थकणाऱ्या साधनाबाबत ‘संमती’ म्हणजे काय, हा प्रश्न कायद्यापुढे उभा राहणारच आहे.

तेव्हा या तंत्राचे मोजमाप किती संवेदक बसवले यावरून करणे फसवे ठरेल. तिसऱ्या पावसाळ्यात त्यांतील किती बोलत होते, त्यांचे बोलणे किती मिनिटांत तहसीलदारापर्यंत पोचले आणि त्यावरून किती घरे वेळेत रिकामी झाली, ही खरी मोजपट्टी होय. शाई, सरवा आणि जाळे या तिन्ही गोष्टी विज्ञानाने आपल्या हाती जवळजवळ आणून ठेवल्या आहेत. दरडीची वार्ता तासभर आधी मिळाली, तर त्या तासाचे काय करायचे, हे मात्र शासनाने आणि समाजाने पावसाळ्यापूर्वीच ठरवून ठेवायचे आहे.