इशारे अनेक, बिघाड एक

24 फेब्रुवारी 2021 रोजी मुंबईच्या राष्ट्रीय शेअर बाजारातील व्यवहार सकाळी 11.40 ते दुपारी 3.45 ठप्प होते. दूरसंचार जोडण्यांतील बिघाडाचा फटका जोखीम-व्यवस्थापन प्रणालीला बसला, असे बाजाराने सांगितले.

अशा साखळी-बिघाडात प्रत्येक यंत्रणा स्वतंत्र इशारे देते. सिसलॉग मानकातील 0 ते 7 या श्रेणी संदेशाची तीव्रता सांगतात. संदेशांमधील नाते सांगत नाहीत. म्हणून एका बिघाडाचे संदेश एकाच सत्रात वळवणे, हा स्वयंचलित देखभालीचा पाया होय.

मात्र जुळणी चुकली, तर मूळ कारण भलत्याच सत्रात दडते आणि यंत्र चुकीचा उपाय योजते. यास्तव मूळ नोंदी अबाधित असाव्यात आणि प्रत्येक जुळणीचे कारण माणसाला तपासता यावे. तोवर दुरुस्तीचे अधिकार यंत्राकडे सोपवू नयेत.