क्लच निघालाच आहे तर...

रविवारी पहाटे एक्स्प्रेसवेकडे सुसाट निघालेल्या स्पोर्ट्स कार बघून आम्हा पनवेलकरांचं मन पाघळतंच. माझा एक मित्र तर २००३ ची सेकंडहँड पोर्शे बॉक्स्टर घेतोय. मी एकच विचारलं, ‘आयएमएस बेअरिंग बदललंय का रे?’

इंजिनातल्या इंटरमीजिएट शाफ्टला पेलणारं हे छोटंसं बॉल बेअरिंग. ते गेलं की टायमिंग बिघडतं, व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटतात आणि इंजिन भंगारात! सगळ्याच गाड्यांत जात नाही. पण जातं तेव्हा बहुधा न सांगता. ते बसतं क्लचच्या मागे. म्हणून क्लचसाठी गिअरबॉक्स उतरवलाच, तर तेही बदलून टाका. मजुरी एकदाच पडते. २००९ च्या मॉडेलपासून पोर्शेनं नव्या इंजिनातून तो शाफ्टच काढून टाकला.

तेव्हा दोस्तहो, रंग नंतर बघा. आधी बेअरिंगचं बिल मागा!