आजोबांची रायफल विकावी काय?

आमच्या खारपाटात विकण्याला कोणी फारसे भीत नाही. गेल्या दोन पिढ्यांत आम्ही काय काय विकले नाही? मिठागरे विकली, भाताची खाचरे विकली, बांधावरची झाडे विकली. धरमतरच्या खाडीला लागून असलेल्या डोलवीत १९९० च्या दशकात पोलादाचा कारखाना उभा राहिला. पुढे २०१० साली तो जिंदाल समूहाकडे गेला. या काळात जमिनीचे कागद या हातातून त्या हातात गेले. त्या प्रत्येक विक्रीला आम्ही ‘व्यवहार’ म्हटले. व्यवहार म्हटले की मन मोकळे होते. परंतु ‘आजोबांची रायफल विकायची’ असा विषय घरात निघाला, तेव्हा कोणी व्यवहार हा शब्द उच्चारला नाही. मोठे काका म्हणाले, “घराण्याचे नाक कापायला निघालात.” आत्याने तर जेवणच टाकले. जमीन विकताना शाबूत राहिलेले नाक चार किलोच्या लाकडा-लोखंडापाशी का अडावे, या प्रश्नाने मला या लेखाला प्रवृत्त केले.

आमच्यासारखी घरे रायगड जिल्ह्यात पुष्कळ असतील. पेण, रोहे, माणगाव, महाड या भागांत ओटीवरच्या भिंतीला टांगलेली एखादी ठासणीची, एकनळी वा दुनळी बंदूक कित्येकांनी पाहिली असेल. म्हणून हा प्रश्न एका घरापुरता नाही असे मी मानतो.

रायफलीची थोडी ओळख करून देतो. ती लंडनच्या ‘रिग्बी’ या पेढीची, .२७५ बोअरची. ही पेढी मूळची डब्लिनची, १७७५ साली सुरू झालेली. १९४७ साली एक गोरा साहेब मायदेशी परतताना आपले सामानसुमान विकीत होता, त्याच्याकडून आजोबांनी ती घेतली, असे घरात सांगतात. याच बनावटीची रायफल जिम कॉर्बेटला १९०७ साली मिळाली होती. चारशेहून अधिक माणसांचा बळी घेणाऱ्या चंपावतच्या वाघिणीला मारल्याबद्दल संयुक्त प्रांताचे लेफ्टनंट गव्हर्नर सर जॉन ह्युएट यांनी ती त्याला भेट दिली. काकांना ही गोष्ट पाठ आहे, आणि ती सांगताना कॉर्बेट आमच्या ओटीवर चहा पिऊन गेला असावा असा त्यांचा आवाज लागतो. पण कारखाना एक असला म्हणून कर्तृत्व एक होत नाही. कॉर्बेटची रायफल इतिहासात गेली ती कॉर्बेटमुळे.

शस्त्राची ही प्रतिष्ठा आली कुठून? तिचे मूळ मला १८७८ च्या शस्त्र कायद्यात दिसते. लॉर्ड लिटनच्या राजवटीत झालेल्या त्या कायद्याने परवान्यावाचून हत्यार बाळगणे हिंदी माणसाला गुन्हा ठरले, गोऱ्याला मात्र सूट मिळाली. पुढच्याच वर्षी, १८७९ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातल्या शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके रामोशांना घेऊन बंडाला उभे राहिले. अहिंसेचा पुरस्कार करणाऱ्या गांधीजींनीसुद्धा १९३० साली व्हाइसरॉयपुढे ज्या अकरा मागण्या ठेवल्या, त्यांत स्वसंरक्षणार्थ बंदुकीचे परवाने मिळावेत ही एक मागणी होती. म्हणजे परवान्याची बंदूक ही सरकारच्या विश्वासाची खूण होती. ज्याच्या भिंतीवर बंदूक तो सरकारदरबारी वजनदार, असे गावाने गृहीत धरले. आमच्या आजोबांना रायफलीचा अभिमान होता. त्यातला निम्मा तरी त्या परवान्याचा होता असे मला वाटते. परवान्याच्या जुन्या पुस्तिकेवर अजून ‘कुलाबा जिल्हा’ असा शिक्का आहे. १९८१ साली जिल्ह्याचे नाव बदलले, पण त्या शिक्क्यावरून बोट फिरवताना काकांचा चेहरा बदलतो तो आजही.

आता या रायफलीचे काम काय उरले ते पाहू. रायफल शिकारीची. शिकार तर कायद्याने बंद. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वाघ-बिबट्यांची शिकार संपवली आणि १९९१ च्या दुरुस्तीने लहानसहान शिकारीची उरलीसुरली मुभाही काढून घेतली. ज्या फणसाडच्या रानात एके काळी जंजिऱ्याच्या नबाबाची राखीव शिकार चाले, ते रान १९८६ पासून अभयारण्य आहे. तिथल्या ‘गाण’ म्हणतात त्या पाणवठ्यांवर आता जनावरे येतात ती पाणी प्यायला, आणि माणसे जातात ती शेकरू पाहायला. हे योग्यच झाले. ज्या वस्तूचे एकुलते एक काम समाजाने विचारपूर्वक बंद केले, ती वस्तू दर दसऱ्याला पुसून, तेल देऊन, झेंडूचे फूल वाहून पुन्हा पेटीत ठेवणे म्हणजे काय जतन करणे?

घरात रायफलीखेरीज आणखी दोन हत्यारे होती. डिसेंबर २०१९ मध्ये शस्त्र कायद्यात दुरुस्ती झाली आणि एका परवानाधारकाला तीनऐवजी दोनच अग्निशस्त्रे ठेवता येतील असे ठरले. मूळ विधेयकात तर एकच म्हटले होते. लोकसभेत चर्चेअंती दोन झाली. जास्तीचे हत्यार एका वर्षाच्या आत पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे भाग होते. वारसाहक्काने आलेल्या शस्त्रालाही ही मर्यादा सुटली नाही. बाबांनी रायफल विक्रेत्याकडे जमा केली. दुनळी बाराबोअर ठेवली, कारण डोंगराकडच्या वाडीवर रानडुकरे येतात आणि निदान बार काढून त्यांना पिटाळता येते. तिची काडतुसे आपल्या खडकीच्या कारखान्यात होतात. रायफलीच्या गोळ्या मिळवायच्या तर मोठी यातायात. तेव्हापासून रायफल परक्याच्या कपाटात आहे आणि आम्ही तिचे भाडे भरीत आहोत. घराण्याचे नाक असे महिन्याच्या भाड्याने ठेवलेले आहे!

विकण्याविरुद्ध जे मुद्दे निघतात ते मी प्रामाणिकपणे मांडतो. पहिला भावनेचा : ही आजोबांची आठवण. दुसरा पैशाचा : १९८० च्या दशकाच्या मध्यापासून खाजगी व्यक्तींसाठी परदेशी बंदुकांची आयात जवळजवळ थांबली, त्यामुळे अशा जुन्या विलायती हत्याराला किंमत आहे आणि ती वाढेल, तेव्हा थांबावे. तिसरा इतिहासाचा : असला ठेवा घराबाहेर जाऊ देऊ नये.

पैशाचा मुद्दा आधी घेतो, कारण तो सर्वांत दुबळा आहे. विकत घेणाऱ्याजवळ परवाना पाहिजे, आणि त्याच्याकडेही दोनच हत्यारे असू शकतात. ज्या कायद्याने आमच्यासारख्यांना विकायला लावले, त्याच कायद्याने घेणाऱ्यांची रांगही आखूड केली. मग भाव कुणाच्या जिवावर वाढायचा? परदेशच्या लिलावात अमुक किंमत येते, असे काका सांगतात. पण पेण नाक्यावरून लंडनच्या लिलावाला जाणारी एस. टी. अजून सुरू झालेली नाही. हत्यार देशाबाहेर न्यायला वेगळी सरकारी परवानगी लागते, आणि विलायतेतला भाव आपल्या मोडीत धरणे म्हणजे खाडीतल्या माशाला मुंबईचा दर लावण्यासारखे आहे.

इतिहासाचा मुद्दा अधिक वजनदार आहे, म्हणून तो नीट तपासला पाहिजे. या रायफलीचा इतिहास कोणाचा? शिकारीच्या गोष्टी आम्ही आजोबांच्या तोंडच्या ऐकल्या. त्या गोष्टींत नेम आजोबांचा, धैर्य आजोबांचे. पण जनावर बंदुकीसमोर आपण होऊन येत नसे. ते उठवायला हाकारे लागत. आमच्या भागात हाकाऱ्याला जात ते वाडीवरचे कातकरी आणि ठाकूर. रानाची वाट त्यांना ठाऊक, जनावराचा माग त्यांना कळे, आणि बिथरलेल्या डुकरापुढे मोकळ्या हातांनी उभे राहत तेही तेच. आजोबांच्या शिकारवहीत प्रत्येक शिकारीची तारीख आहे, जागा आहे, काडतुसांचा हिशेब आहे. हाकाऱ्यांच्या जागी मात्र फक्त आकडा आहे : ‘माणसे १२’, ‘माणसे २०’. नावे नाहीत. त्यांच्या नातवंडांतली काही मुले आज आपल्याबरोबर वर्गात बसत असतील. त्यांच्या आजोबांचा इतिहास कोणत्या भिंतीवर टांगला आहे?

तेव्हा ठेवा म्हणून काही जपायचे असेल तर ती वही जपावी, रायफल नव्हे. वही आपल्याला सांगते की या परिसरात कोणते जनावर कधी होते, कोणत्या वर्षानंतर त्याची नोंदच थांबते, कोण कुणाबरोबर रानात जाई आणि कुणाचे नाव लिहिले जाई. रायफल यातले काहीच सांगत नाही. तिच्या नळीवर फक्त बनवणाऱ्याचे नाव आहे.

आणि भावना? आजोबांची आठवण त्यांच्या काठीत आहे, चष्म्यात आहे, त्यांनी बांधलेल्या विहिरीत आहे. या वस्तूंसाठी कोणी जेवण टाकलेले मी पाहिले नाही. मग ज्या वस्तूने लोक दबत, तीच ‘आठवण’ का व्हावी? आपण आजोबांना जपतो आहोत की त्यांच्या दबदब्याला, हे एकदा स्वतःला विचारून पाहावे.

दुसऱ्या टोकाचे लोकही आहेत. माझे काही मित्र म्हणतात, विकता कशाला, सरळ मोडून भंगारात टाका, हिंसेची वस्तू दुसऱ्याच्या घरी पाठवू नका. हे ऐकायला उदात्त वाटते. पण ती कारागिराच्या हातची वस्तू आहे, तिचे लाकूड आणि पोलाद यांचा जोड पाहण्यासारखा आहे. पुण्याच्या केळकर संग्रहालयात जुनी शस्त्रे आपण कौतुकाने पाहतोच. कायद्याच्या दृष्टीने मात्र जोवर गोळी सुटते, किंवा दुरुस्तीने सुटू शकते, तोवर वस्तू कितीही जुनी असली तरी ती शस्त्रच. म्हणून ती कुणाच्याही स्वाधीन करता येत नाही, आणि हे बरेच आहे.

माझे मत असे : रायफल विकावी. पण उजळ माथ्याने, नियमाने विकावी. घेणाऱ्याचे नाव-पत्ता देऊन जिल्हादंडाधिकाऱ्यांना किंवा जवळच्या पोलीस ठाण्याला लेखी कळवावे लागते, आणि त्यानंतर किमान ४५ दिवस थांबावे लागते. हे ४५ दिवस अनेकांना जाच वाटतात. मला ते उपयोगाचे वाटतात. जमिनीच्या व्यवहाराला असे ४५ दिवस असते तर आमच्या गावातले पुष्कळ अंगठे कागदावर उमटण्याआधी थांबले असते. जास्त बोली लावणाऱ्यापेक्षा जो ती निशाणाच्या सरावासाठी किंवा अभ्यासाने जमवलेल्या संग्रहासाठी घेईल त्याला द्यावी. लग्नाच्या वरातीत मिरवणाऱ्याला चार पैसे जास्त मिळाले तरी देऊ नये.

आलेल्या पैशातून काय करावे हा घरचा प्रश्न आहे. पण एक गोष्ट घरापुरती नाही. आपल्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागाने पेण-रोह्याकडच्या घरांतून अशा शिकारवह्या, परवाने, जुनी छायाचित्रे यांच्या प्रती जमवाव्यात. आणि त्याचबरोबर वाड्यांवर जाऊन ज्या म्हाताऱ्यांनी हाकारे घातले, किंवा ज्यांनी आपल्या बापाकडून ते ऐकले, त्यांच्या आठवणी त्यांच्याच बोलीत लिहून घ्याव्यात. ही माणसे आता थोडी उरली आहेत, आणि त्यांना कोणताही विक्रेता भाड्याने कपाटात ठेवीत नाही. ‘माणसे १२’ या आकड्यासमोर बारा नावे लिहिता आली, तर आजोबांची वही पहिल्यांदाच पुरी होईल. तेवढे काम माझ्या पिढीने केले तर रायफल कुणाच्या घरी आहे याची चौकशी करण्याचे कारण उरणार नाही.