माणूस उचलायची गाडी वेगळी

देवळाच्या शिखराला रंग द्यायचा, दुसऱ्या मजल्याचा गिलावा करायचा, नाहीतर चौकातल्या खांबावर दिवा बसवायचा, की आपल्याकडे पहिली हाक जेसीबीवाल्याला जाते. गडी बकेटात उभा राहतो, बकेट वर जातं आणि खालून चौघं "अजून थोडं, अजून थोडं" करत राहतात. हदगावकरांनो, तामसा-निवघ्याच्या मंडळींनो, हे बंद करा.

ते बकेट माती उपसायला केलेलं आहे. त्याला कठडा नाही, पट्टा अडकवायला कडी नाही. चालकाचा हात लिव्हरवर जरा जास्त पडला, की ते माती ओततं तसं माणसालाही ओततं. माणूस उचलायची गाडी वेगळी असते. ट्रकवर बसवलेला लांब हात, टोकाला कठड्याचा पिंजरा, चालवायची बटणं पिंजऱ्यातही आणि खालीही. तेलाचा पाइप फुटला तरी हात जागेवर धरून ठेवणारे व्हॉल्व्ह असतात, इंजिन बंद पडलं तर खाली उतरवायची निराळी सोय असते. पिंजरा बहुधा दोन माणसं आणि त्यांची हत्यारं एवढ्यापुरताच. "मीपण येतो" म्हणणाऱ्या तिसऱ्याला खालीच थांबवा.

पण गाडी आणली म्हणजे झालं, असं नाही. तिचा सगळा तोल जॅकवर, आणि आपली माती काळी. उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देते, पावसाळ्यात वरून वाळलेली दिसते आणि आत लोणी. एका बाजूचा जॅक चार बोटं खचला, तर पन्नास फुटांवरचा पिंजरा फूटभर कलतो. म्हणून जॅकखाली जाड फळ्या हव्यातच. ताज्या भरावावर किंवा नालीच्या काठावर जॅक टेकवू देऊ नका. सेप्टिक टँक कुठे पुरलाय हे चालकाला ठाऊक नसतं, घरमालकाला असतं. ते चालकाला आधी सांगा.

मग वर बघा. गल्लीतली 11 केव्हीची तार उघडी असते. पिंजरा, शिडी, हातातली सळई, सगळं तिच्यापासून निदान दहा फूट लांब राहू द्या. तेवढी जागा नसेल तर महावितरणला कळवून लाइन बंद करून घ्या. वावधान सुटलं तर काम थांबवा.

पट्टा पिंजऱ्यातल्या कडीला अडकवायचा, बाहेरच्या खांबाला किंवा सळईला नव्हे. पिंजरा हलला तर माणूस ओढला जातो. "वीसच फूट तर आहे" असं कोणी म्हणालं तर सांगा, वीस फुटांवरून सुटलेला माणूस सव्वा सेकंदाच्या आत ताशी 40 किलोमीटरच्या वेगाने खाली येतो. तेवढ्यात ओरडणंही होत नाही.

1 ऑगस्ट 2023 रोजी शहापूरजवळ समृद्धी महामार्गाच्या पुलाचा गर्डर लाँचर कोसळला, 20 जण गेले, देशभर बातमी झाली. गल्लीत परांचीवरून पडलेल्या गवंड्याची चर्चा दहाव्यापर्यंत टिकते.

त्याच्या घरच्यांच्या हाती काय पडेल, हे पुष्कळदा एका नोंदीवर ठरतं. 18 ते 60 वयाच्या, वर्षात 90 दिवस बांधकामावर राबलेल्या कामगाराला राज्याच्या बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळात नोंदणी करता येते. मंडळाच्या सुरक्षा संचात हेल्मेट आणि पट्टा असतो. कामावर मृत्यू आला तर वारसाला 5 लाख रुपये मिळतात.

पिंजऱ्याची गाडी गावात नसेल तर नांदेडला विचारा, दोन दिवस थांबा. आणि तोवर तुमच्याकडे कामावर असलेल्या मिस्त्रीला, बिगाऱ्याला एवढं विचारून घ्या: नोंदणी केली का? पट्टा आहे का?