सायकलवरचं जीपीएस यंत्र: कुणी घ्यावं, कुणी घेऊ नये



सायकलच्या हँडलला लावतात ते छोटं जीपीएसचं यंत्र घ्यावं का, हा प्रश्न गेल्या दोन महिन्यांत मला तिघींनी विचारला. तिघींची कारणं वेगळी. एकीला रोज किती किलोमीटर झाले ते बघायचंय. दुसरी पहिल्यांदाच २०० किलोमीटरच्या बीआरएमला नाव देणार आहे. तिसरीला स्वतःला काहीच नकोय. पण पहाटे एकटीनं सायकल काढायची तर "ते लोकेशनचं यंत्र बसवून घे, मग जा" असं सासूबाईंनी सांगितलंय. माझं मत सरळ सांगते. पहिलीनं घेऊ नये, दुसरीनं घ्यावं. तिसरीच्या घरी या यंत्राचा जो समज झालाय तोच मुळात चुकीचा आहे, म्हणून तिच्यापासून सुरुवात करते.

जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून सतत वेळेचे संकेत पाठवत असतात. आपलं यंत्र निदान चार उपग्रहांचे संकेत पकडतं, कोणता किती उशिरा पोचला यावरून हिशेब करतं आणि आपण कुठे आहोत ते ठरवतं. त्याला सिमकार्ड लागत नाही, रेंज लागत नाही. लोकांना हे ऐकून फार सुरक्षित वाटतं. पण नीट बघा, यात ते यंत्र फक्त ऐकतंय. ते उपग्रहाला उलट काही कळवत नाही, मग घरी कुठून कळवणार? गार्मिनच्या 'एज' मालिकेत घरच्यांना आपली जागा दाखवायची सोय आहे, आपण पडलो तर ओळखून निरोप धाडायची सोय आहे, हे खरं. पण ही दोन्ही कामं खिशातल्या फोनमार्फत होतात. फोन घरी राहिला किंवा रेंज गेली, की निरोपही गेला.

म्हणजे सासूबाईंना जे हवंय ते सुनेच्या फोनमध्ये आजच आहे, फुकट. व्हॉट्सअॅपवर लाइव्ह लोकेशन १५ मिनिटं, १ तास किंवा ८ तास पाठवता येतं. निघताना १ तासाचं पाठवायचं आणि सासूबाईंना त्यांच्याच फोनवर ते उघडायचं कसं हे एकदा शांतपणे शिकवायचं. दुसऱ्या दिवशीपासून त्या चहा करता करता सून कुठल्या फाट्यावर पोचली ते बघतील. एवढ्यासाठी तीस हजार घालवायची गरज नाही.

आता त्यांच्या भीतीबद्दल. ती भीती खोटी आहे असं मी मुळीच म्हणणार नाही. आमच्या सांगली-जयसिंगपूर पट्ट्यात ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की पहाटेच्या रस्त्यावर ट्रॅक्टरच्या मागे दोन-दोन ट्रॉल्या असतात, मागे दिवा नाही, परावर्तक पट्टी नाही, आणि ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. त्यातून वाट काढणाऱ्या गाड्यांना आपली सायकल दिसत नाही. जीव जाईल तो यानं. आपण नकाशावर कुठे आहोत हे कळल्यानं त्यातलं काहीच टळत नाही. म्हणून पैसे घालायचेच असतील तर आधी मागचा चांगला लाल दिवा, पुढचा पांढरा दिवा, चमकणारं जाकीट आणि हेल्मेट. हे सगळं मिळूनही मधल्या किमतीच्या यंत्रापेक्षा स्वस्त पडतं. त्याहून पुढे जायचं असेल तर रडार असलेला मागचा दिवा मिळतो. गार्मिनचा असा दिवा मागून येणारं वाहन १४० मीटरवरून ओळखतो, आणि त्याची सूचना फोनवरही घेता येते, त्यासाठी वेगळं यंत्र लागत नाही. महाग आहे, पण निदान ज्या गोष्टीची भीती वाटते तिच्याशी त्याचा संबंध तरी आहे.

एक गोष्ट मात्र मनात येते ती लिहितेच. त्याच घरातला मुलगा पाचला उठून सायकल घेऊन जातो तेव्हा त्याला यंत्राची अट नसते. ऊसाची ट्रॉली काही सून-मुलगा बघून धडकत नाही. दिवा दोघांच्याही सायकलला लागतो.

आणि लोकेशनचा उलटा धोका कुणी बोलत नाही. यंत्र असो की फोन, आपली राइड स्ट्राव्हासारख्या अॅपवर गेली आणि ती सगळ्यांसाठी उघडी राहिली, तर आपलं घर कुठे, आपण रोज किती वाजता निघतो, कुठल्या रस्त्यानं जातो, हे अनोळखी माणसालाही वाचता येतं. २०१८ च्या जानेवारीत स्ट्राव्हाच्या जगभराच्या नकाशावरून लष्करी तळांची जागा उघड झाली होती, कारण तिथले जवान धावताना घड्याळं लावून धावत होते. तिथे ही गत, मग आपलं काय! अॅपच्या प्रायव्हसी सेटिंगमध्ये राइडची सुरुवात आणि शेवट लपवायची सोय आहे. आजच ती चालू करा, आणि राइड फक्त ओळखीच्यांना दिसेल असं ठेवा. घरच्यांनी अट घालायचीच तर ही घालावी.

आता पहिली, किलोमीटर मोजणारी. ती रोज त्याच रस्त्यानं जाते, पंधरा किलोमीटर जाऊन येते. तो रस्ता कालच्यापेक्षा आज लांब झालेला नसतो. तरी मोजायचंच असेल तर चुंबकाचा जुना साधा मीटर आहे. चाकाच्या आरीला एक चुंबक, पुढच्या फोर्कला एक सेन्सर. चाकाचे फेरे मोजायचे आणि चाकाच्या परिघानं गुणायचं, एवढंच त्याचं काम. साधारण रोड बाइकच्या चाकाचा परिघ २ मीटर १० सेंटिमीटरच्या आसपास असतो. टायरवरचा आकडा बघून तो एकदा नीट भरला की झाडाखाली, वळणावर, कुठेही हा मीटर अंतरात चुकत नाही. जीपीएस तिथे थोडं इकडे-तिकडे होतं. किंमत हजार-दीड हजाराच्या आत. बटणासारखा सेल लागतो, रोज चार्ज करायला नको. आणि नोंद ठेवायची हौस असेल तर फोनवर अॅप सुरू करून स्क्रीन बंद करून खिशात टाका; स्क्रीन बंद असली की बॅटरी फारशी जात नाही.

"पण चढ किती झाला ते नको का कळायला?" असंही ती म्हणाली. कृष्णेच्या काठच्या सपाट रस्त्यावर चढ कुठला, बाई! पन्हाळ्याला जायचं तर गोष्ट वेगळी. नुसत्या जीपीएसची उंची तशीही कच्ची असते. चांगल्या यंत्रात हवेचा दाब मोजणारा सेन्सर असतो, त्यावरून उंची काढतात, आणि हवा बदलली की तोही थोडा बहकतो. दिग्व्रताच्या अतिचारांत वर, खाली आणि तिरपं असं तिन्हीकडचं उल्लंघन सांगितलंय ना, ते तिन्ही मोजायला हे यंत्र बरं पडेल असं मी तिला गमतीनं म्हटलं. ती हसली नाही. तिचं मन त्या वेळी ऑफरमध्ये होतं.

माझा आक्षेप किमतीइतकाच नजरेलाही आहे. ताशी २० किलोमीटरनं सायकल चालली की सेकंदाला साडेपाच मीटर रस्ता मागे पडतो. पडद्यावरचा आकडा बघायला दोन सेकंद मान खाली गेली की ११ मीटर रस्ता आपण न बघता ओलांडला. ईर्यासमितीत साधू चार हात जमीन निरखून पाऊल टाकतात. ते व्रत साधूंचं. सायकलवरच्या गृहिणीला ते तसंच्या तसं जमणार नाही हे मलाही कळतं. पण पावसाळ्यात पहाटे आमच्या रस्त्यावर गोगलगायी, वाणी, गांडुळं, बेडकाची नखाएवढी पिल्लं असतात. समोर बघत गेलं तर हँडल जरा वळवून निम्मी तरी वाचतात. चातुर्मासात आमच्यातल्या दोघी-तिघी सायकल बंदच ठेवतात, त्यांचं मला पटतं. बाकीच्या जातात त्यांनी निदान समोर बघावं. आणि ११ मीटरमध्ये खड्डाही येतो, हे व्रत न मानणाऱ्यांसाठी.

परिग्रहाचं म्हणाल तर तत्त्वार्थसूत्रानं परिग्रह वस्तूच्या संख्येत नाही, तिच्यावरच्या मूर्च्छेत पाहिला आहे. मला हे सायकलच्या दुकानात नेहमी आठवतं, कारण हे यंत्र एकटं येत नाही. ते घेतलं की पायडलचे फेरे मोजणारा सेन्सर, मग छातीला बांधायचा हृदयाच्या ठोक्यांचा पट्टा, मग पुढे सरकवायचा स्टँड, वरची काच, आवरण. त्यातलं काही वाईट नाही. पण आमच्या गटात एक जण १९.६ किलोमीटर दिसले म्हणून सोसायटीच्या फाटकाभोवती चकरा मारत होती, २० पूर्ण होईपर्यंत. घरात मुलं शाळेला निघाली होती. अशा वेळी नक्की कोण कुणाला चालवतंय?

दुसरीला मात्र मी घे म्हणाले.

बीआरएमची २०० किलोमीटरची राइड साडेतेरा तासांत पूर्ण करायची असते, ३०० ची २० तासांत, ४०० ची २७ तासांत, ६०० ची ४० तासांत. मार्ग अनोळखी, गावागावातून वळणं. शर्यत नव्हे ती, पण एक वळण चुकून आठ किलोमीटर पुढे गेलात तर येऊन-जाऊन सोळा होतात आणि तास वाया जातो. इथे फोन कमी पडतो. नकाशा दाखवत स्क्रीन सतत चालू ठेवली तर तो दुपारपर्यंत संपतो, आणि तो संपला की घरी फोन कसा करणार? उन्हात तापून बंदही पडतो. यंत्राचा पडदा उन्हातच जास्त स्पष्ट दिसतो, बॅटरी १५-२० तास सहज जाते, वळण आलं की पीप वाजतो, आणि फोन खिशात भरलेला राहतो. माझ्या लेखी हा एकच मुद्दा किमतीला पुरून उरतो.

तरी पहिल्याच राइडला नवं घेऊ नये. गटातल्या कुणाचं तरी आठवडाभर मागून आणावं, कोल्हापूरहून बाहुबलीला जाऊन यावं, मग ठरवावं. एक्सॉस, आयजीपीस्पोर्ट, कूस्पो यांची साधी जीपीएस यंत्रं काही हजारांत मिळतात. त्यातल्या ज्यात आखलेल्या मार्गाची रेघ आणि वळणाची सूचना आहे तेवढं पहिल्या २०० ला पुरतं. रंगीत नकाशावाली गार्मिन किंवा वाहू ४००-६०० च्या पुढे जाणाऱ्यांसाठी. जुनं चांगल्या अवस्थेतलं मिळालं तर उत्तम, फक्त बॅटरी किती तास जाते ते स्वतः चालवून बघून घ्यायचं. आणि बटणांचं घ्यायचं. पावसात ओल्या बोटाला स्पर्शाचा पडदा दाद देत नाही.

तिला मी आणखी एक काम सांगितलंय, ते यंत्रापेक्षा अवघड आहे. ती रात्री जेवत नाही. थंडीतली राइड सहाला सुटली तर सूर्योदय सातच्या सुमारास, म्हणजे पहिला तासभर रिकाम्या पोटी. मुदत संध्याकाळी साडेसातची आणि सूर्यास्त सहाच्या आसपास. मुदतीच्या वेगानं चालली तर पावणेसहाला ती पावणेदोनशेव्या किलोमीटरच्या जवळ असेल, पुढचे पंचवीस-सव्वीस किलोमीटर पाण्यावाचून, अन्नावाचून काढायचे. काही यंत्रांत सूर्यास्ताची वेळ पडद्यावर ठेवता येते. तिनं तो एक आकडा जरूर ठेवावा आणि साडेपाचला, जिथे असेल तिथे, सायकल झाडाला टेकवून खाऊन घ्यावं. वाटेतल्या ढाब्यावर कांदा-बटाट्याशिवाय काही मिळेल या भरवशावर राहू नये. दशम्या, खजूर, शेंगदाण्याचे लाडू आणि दोन बाटल्या गाळलेलं पाणी. लाडू मी करून देणार आहे, सुंठ जरा जास्त घालून.