चौथा डाउन : आधी प्रशिक्षक, मग क्वार्टरबॅक

नियमित हंगाम संपला की दुसऱ्याच दिवशी, सोमवारी, एनएफएलमध्ये प्रशिक्षकांना नारळ मिळायला लागतात. त्याची आता सवय झाली आहे. या आठवड्यात संताप आला तो त्यानंतरच्या चर्चेचा. ज्या संघांचं आक्रमण वर्षभर अडखळलं, त्यांना जो तो एकच उपाय सुचवतोय : क्वार्टरबॅक बदला. मागच्या लेखावर आलेल्या पत्रांतही तोच सूर आहे. चेंडू फेकतो खेळाडू; प्लेचा कागद घेऊन मैदानाबाहेर उभ्या असलेल्या माणसाला एवढं श्रेय कशाला, असा वाचकांचा सवाल आहे. माझं उत्तर एका नावात मावतं : जॅरेड गॉफ.

रॅम्सनं २०१६मध्ये ड्राफ्टच्या निवडींची अख्खी रास टेनेसीला देऊन पहिला क्रमांक मिळवला आणि गॉफला घेतलं. मुख्य प्रशिक्षक होते जेफ फिशर. गॉफनं त्या हंगामात सात सामन्यांत सुरुवात केली आणि सातही सामने संघ हरला. टचडाउन पास पाच, इंटरसेप्शन सात. रॅम्सचे हंगामातले गुण २२४, बत्तीस संघांत सगळ्यात कमी. डिसेंबरमध्ये फिशर गेले, पण पोराच्या कपाळी शिक्का बसला तो बसलाच.

जानेवारी २०१७मध्ये शॉन मॅकव्हे आले. वयाची ३१ वर्षंही पूर्ण झालेली नव्हती. पुढच्या हंगामात त्याच रॅम्सनं ४७८ गुण केले, लीगमध्ये सर्वाधिक. त्याच गॉफचे टचडाउन पास २८ आणि इंटरसेप्शन सातच. आदल्या वर्षी एका धावेत सरासरी जेमतेम ३.२ यार्ड काढणारा टॉड गर्ली वर्षाचा सर्वोत्तम आक्रमक खेळाडू ठरला. चार विजयांचे अकरा झाले.

खेळाडूही बदलले होते, हा आक्षेप मला ठाऊक आहे. अँड्र्यू व्हिटवर्थ डाव्या टॅकलला आला आणि गॉफला फेकायला वेळ मिळू लागला, हे खरंच. पण रॉबर्ट वूड्स बफेलोत चार वर्षं खेळूनही फारसा कुणाच्या डोळ्यांत भरला नव्हता आणि कूपर कप तिसऱ्या फेरीपर्यंत शिल्लक राहिला होता. या दोघांचं काय करायचं, हे मॅकव्हेला कळलं होतं.

त्यानं नेमकं केलं काय? तीन रिसीव्हर लाइनच्या जवळ आखडून उभे केले आणि तीच रचना पुन्हा पुन्हा वापरली. धाव असो की पास, सुरुवात हुबेहूब सारखी. स्नॅपच्या ऐन वेळी एक रिसीव्हर आडवा धावत जायचा. अख्खी लाइन धाव असल्यासारखी एका बाजूला सरकायची, गॉफ चेंडू गर्लीला दिल्याचं दाखवायचा, लाइनबॅकर पुढे झेपावायचे आणि त्यांच्या पाठीमागे मोकळ्या पडलेल्या जागेत पास जायचा.

दुसरी गोष्ट हेल्मेटमधल्या आवाजाची. दोन प्लेंच्या मधल्या घड्याळात १५ सेकंद उरले की प्रशिक्षकाचा क्वार्टरबॅकशी संपर्क तुटतो. मॅकव्हे संघाला लवकर रांगेत उभं करायचा. समोरचा बचाव आपली मांडणी उघड करायचा तेव्हा संपर्क अजून चालू असायचा आणि काय दिसतंय ते गॉफला सांगता यायचं. यावरून टीकाकारांनी गॉफला कळसूत्री बाहुली ठरवलं. मला ते कधीच पटलं नाही. नियम बत्तीसही संघांना सारखाच होता. बावीस वर्षांच्या मुलाच्या डोक्यावरचं निम्मं ओझं उचललं, की तो उरलेलं काम धीटपणे करतो. प्रशिक्षण म्हणतात ते यालाच.

फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये पेट्रियट्सनी याच आक्रमणाला तीन गुणांवर रोखलं. दोन वर्षांनी रॅम्सनी गॉफ आणि वर पहिल्या फेरीच्या दोन निवडी डेट्रॉइटला देऊन मॅथ्यू स्टॅफर्डला आणलं आणि पहिल्याच हंगामात विजेतेपद मिळवलं. क्वार्टरबॅकच सर्वस्व मानणारे याचा दाखला देतात. पण स्टॅफर्ड डेट्रॉइटमध्ये बारा हंगाम खेळला आणि प्लेऑफमध्ये एकही सामना जिंकू शकला नाही. मॅकव्हेच्या हाताखाली पहिल्याच वर्षी त्यानं प्लेऑफचे चार सामने जिंकले. हात तोच होता.

आता डेट्रॉइटकडे बघा. गॉफच्या पहिल्या वर्षी तिथे तीन विजय, ३२५ गुण. लोकांनी पुन्हा तोच शिक्का बाहेर काढला. २०२२मध्ये बेन जॉन्सन ऑफेन्सिव्ह कोऑर्डिनेटर झाला आणि गुण ४५३ झाले. २०२४मध्ये ५६४, लीगमध्ये सर्वाधिक, आणि पंधरा विजय. मधल्या जानेवारीत तर लायन्सनी मॅकव्हेच्याच रॅम्सना २४–२३ हरवून ३२ वर्षांनंतर प्लेऑफचा सामना जिंकला. गॉफ पळणारा क्वार्टरबॅक नाही, हे जॉन्सननं पहिल्या दिवसापासून मान्य केलं आणि भक्कम लाइनच्या आड उभं राहून मधल्या पट्ट्यात ठरल्या क्षणी फेकता येतील असे प्ले रचले. लोकांना आठवतं ते डिसेंबर २०२४मध्ये शिकागोविरुद्ध अडखळल्याचं सोंग आणून मिळवलेलं टचडाउन. तशा चमत्कारावर हंगाम निघत नाही. निघतो तो पहिल्या डाउनला निमूटपणे मिळणाऱ्या सहा यार्डांवर.

म्हणजे एकच खेळाडू दोनदा तळाला गेला आणि दोनदा लीगच्या शिखरावर पोहोचला. दोन्ही वेळा मधे बदलला तो आक्रमण रचणारा माणूस.

बचावातून वर आलेल्या मुख्य प्रशिक्षकाच्या हाती कोवळा क्वार्टरबॅक देऊ नये, हे मी इथे वारंवार लिहीत आलो आहे आणि आजही लिहितो. त्याचा कोऑर्डिनेटर चमकला की दुसरा संघ त्याला मुख्य प्रशिक्षक करून घेऊन जातो आणि मुलगा पुन्हा मुळाक्षरांपासून सुरू करतो. पत्रलेखक ह्यूस्टनचे डमेको रायन्स आणि सी. जे. स्ट्राउड यांचं उदाहरण देतात. स्ट्राउडचं पहिलं वर्ष झकास गेलं, कबूल. पण दुसऱ्या वर्षी आक्रमण ढेपाळलं आणि कोऑर्डिनेटरला घरी पाठवावं लागलं. माझं मत बदललेलं नाही. जॉन्सन २०२५मध्ये शिकागोला गेला, तेव्हा डेट्रॉइटच्या डॅन कॅम्पबेलना हंगामाच्या मधेच प्ले ठरवण्याचं काम स्वतःकडे घ्यावं लागलं. ते तर आक्रमणातलेच. बचावातल्या माणसाला हा मार्गही नसतो.

एप्रिलमध्ये पुन्हा ड्राफ्ट आहे. मालकांनी आधी आक्रमण कोण रचणार ते ठरवावं, त्याला तीन हंगामांचा शब्द द्यावा आणि मग तुला कोणता मुलगा हवा, असं त्यालाच विचारावं. रॅम्सनी २०१६मध्ये हा क्रम उलटा केला आणि गॉफचं पहिलं वर्ष मातीत घातलं. त्याला मॅकव्हे भेटला, जॉन्सन भेटला. ज्यांना कुणीच भेटत नाही ते पंचविशीतच लीगबाहेर फेकले जातात आणि त्यांच्या नावापुढे आपण ‘गुणवत्ता नव्हती’ असं लिहून मोकळे होतो. तसं लिहिण्याआधी त्यांना प्ले कोण देत होतं, एवढं तरी तपासा.